भासरे आणि शेवटचा भाग

हाती घेतलेली एकही गोष्ट ज्याने आयुष्यात अर्धी सोडली नाही असा माणूस मी आजवर एकच पाहिला आहे, आणि तो माझा भासरा आहे. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या वर्धेकडे अजून हाच शब्द चालतो. सावंगीच्या एका दवाखान्यात मी भांडार सांभाळते. काय आलं, काय गेलं, काय उरलं याच्या याद्या करणं हा माझा रोजचा धंदा आहे आणि अर्धवट काम मलाही बघवत नाही. पण भासऱ्यांपुढे मी ढिसाळच ठरते. ते रोहण्याला राहतात, शेती करतात, आणि जे सुरू करतात ते संपवूनच उठतात. वर्तमानपत्र वाचायला घेतलं की शेवटच्या पानावर तळाशी छापखान्याचा पत्ता असतो, तिथपर्यंत वाचतात. लग्नपत्रिका आली तर ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या चिमुकल्यांची नावंसुद्धा मोठ्याने वाचून मगच ती खुंटीला लावतात. एकदा पुलगावच्या स्टँडवर ते कोणा अनोळखी माणसाला आपल्या गायीच्या दुखण्याची हकिकत सांगत होते. ती ऐन रंगात आली आणि त्या माणसाची गाडी लागली. भासरे त्याच्या मागोमाग गाडीत चढले, शेजारी बसले, गाय बरी होईपर्यंत त्याच्यासोबत गेले, आणि मग कुठल्याशा फाट्यावर उतरून उलट गाडीने परत आले. आम्ही हसलो तेव्हा म्हणाले, “हसता काऊन? तो बिचारा घरी जाऊन काय सांगणार होता? गाय मेली का जगली?”

याचं मूळ माझ्या सासऱ्यांच्या पोथीत आहे. सासरे असताना श्रावणात ओसरीवर पोथी लागायची. आजूबाजूची माणसं ऐकायला यायची. तिथे एकच नियम होता आणि तो फार कडक होता : ज्याने पहिला अध्याय ऐकला त्याने समाप्तीला हजर असलंच पाहिजे. मधे एखादा दिवस चुकला तर चालेल, पण लावताना होता आणि उठवताना नाही, असं व्हायला नको. एका वर्षी शेजारच्या म्हाताऱ्याला सपाटून ताप भरला, तर समाप्तीच्या दिवशी भासऱ्यांनी आणि माझ्या यजमानांनी त्याला खाटेसकट उचलून ओसरीवर आणून ठेवलं होतं. दोघं तेव्हा जवान पोरं होती. खाटेचं एक टोक एकाच्या खांद्यावर आणि दुसरं टोक दुसऱ्याच्या. ही हकिकत मला लग्न होऊन आल्यावर दोघांनीही वेगवेगळी सांगितली, आणि दोघांच्याही सांगण्यात जड बाजू स्वतःकडेच होती.

तर अशा या माणसाची गाठ एका सिनेमाशी पडली. सिनेमा म्हणजे तसलाच, ज्याच्या जाहिराती वर्षभर आधीपासून चौकाचौकात लागतात. तळ्याखाली बुडालेलं राज्य, शाप मिळालेली राणी, उडणारे हत्ती, आणि आपण कोणाचे हे ठाऊक नसलेला एक गुराखी पोरगा. पहिला भाग आला तेव्हा दिवाळी होती, सासरे नुकतेच गेले होते आणि घरात सुतकी शांतता होती. मुलांचं मन रमावं म्हणून मी सगळ्यांचा कार्यक्रम ठरवला. रोहण्याहून एक गाडी केली, कोणी कुठे बसायचं ते ठरवलं, चिवडा-शंकरपाळ्यांचे पुडे बांधले आणि अख्खं घर वर्धेच्या टॉकीजमध्ये नेऊन बसवलं. भासऱ्यांनी त्याआधी सिनेमा पाहिल्याला जमाना झाला होता. पण ते असे तल्लीन झाले की मध्यंतरातही जागचे उठले नाहीत. शेवटी तो पोरगा कड्यावर एका हाताने लोंबकळतो आहे, खाली धुमसणारी दरी आहे, वरून हत्ती झेपावतो आहे, आणि पडदा काळा. पुढील भागात पाहा.

माणसं उठली, दिवे लागले, मुलं बाहेर पळाली. भासरे बसून राहिले. मग तडक मॅनेजरच्या खोलीत गेले. मी मागे धावले. मॅनेजर भला होता. त्याने समजावून सांगितलं की काका, पुढचा भाग यायला दोन-तीन वर्षं तरी लागतील.

“अन् तवरक तो पोरगा लटकूनच राहणार हाय का?” भासऱ्यांनी विचारलं.

परत जाताना गाडीत भासरे गंभीर होते. अखेर पुलगाव मागे पडल्यावर त्यांनी निकाल दिला : “पोथी लागली हाय. आपण सगळे बसलो होतो. आता समाप्तीपर्यंत सगळ्याइले यावंच लागते.”

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. माझे यजमानही हसले होते. दोघा भावांनी एका गोष्टीला एकत्र हसण्याची ती शेवटची वेळ, हे तेव्हा कोणाला माहीत असणार.

पुढच्या वर्षी वाटण्या झाल्या. यजमानांना वर्धेत बिजलीच्या सामानाचं दुकान वाढवायचं होतं. त्यांनी रस्त्याकडचा आपला हिस्सा बाहेरच्या माणसाला विकला. हिस्सा त्यांचा होता, कागद त्यांच्या नावाचे होते, त्यात गैर काही नव्हतं. पण भावाला सांगितलं नाही. भासऱ्यांना कळलं ते विकत घेणारा मोजणीची फीत घेऊन बांधावर उभा राहिला तेव्हा. ते त्याला म्हणाले, “पाणी घ्या, उन्हाचे आले,” आणि घरी येऊन जे गप्प झाले ते आमच्या घरापुरते गप्पच झाले. यजमानही हट्टी. “माझंच मी विकलं, त्यात विचारायचं काय?” एवढंच वाक्य त्यांनी धरून ठेवलं. त्यांनी रोहण्याला जाणं सोडलं. मी आणि माझी थोरली जाऊ, आम्ही दोघी फोनवर बोलायचो, लोणची-पापड इकडून तिकडे जायचे. भाऊ मात्र नात्यातल्या लग्नकार्यात मांडवाच्या दोन टोकांना उभे राहायचे.

आणि मग दुसरा भाग आला. मी तर विसरूनही गेले होते. दवाखान्यात असताना भासऱ्यांचा फोन. ते मला बाई म्हणतात.

“बाई, तो सिनेमा आला म्हन्ते. त्याले सांगजो. आमचं बोलणं नाई ते नाई, पण पोथीले बसला होता तो.”

मी घरी सांगितलं. यजमानांनी पंख्याची एक मोटार उघडली होती, ती आधी पूर्ण जोडली. मग म्हणाले, “शनिवारची तिकिटं काढ.”

तिथून ती रीत पडली. भाग आला की पहिल्या शनिवारी भासरे पांढरा सदरा घालून, आंघोळ करून, एसटीने वर्धेला यायचे. मधली खुर्ची माझी. एका बाजूला भासरे, एका बाजूला यजमान. सिनेमा सुरू होण्याआधी मागची सगळी गोष्ट भासरे सांगणार. सांगायची मला, पण आवाज असा की पलीकडच्या खुर्चीला नीट जावा. यजमानांना शंका आली की ते मला विचारणार, “त्यायले विचार, तो सेनापती कोणाच्या बाजूचा होता?” मी मान वळवायच्या आत उत्तर यायचं, “त्याले सांग, आधी राणीच्या, मंग राजाच्या.” माझं काम फक्त मधे बसण्याचं. दवाखान्यात दोन विभागांची भांडणं मी रोज निस्तरते, पण इतकं सोपं आणि इतकं जड काम मला दुसरीकडे कुठे करावं लागलं नाही. सिनेमा सुटला की भासरे स्टँडकडे आणि आम्ही घराकडे. रामराम होत असे, पण तोही माझ्यामार्फत.

सिनेमा मात्र भागागणिक बिघडत गेला. दुसऱ्या भागात म्हातारा सेनापती मेला. भासऱ्यांनी डोळे पुसले. तिसऱ्या भागात तो धडधाकट परत आला, का तर तो मेलाच नव्हता, दिसला फक्त तसा. भासऱ्यांना हे फार लागलं. “असं कसं? चिता पेटवली, अख्खं राज्य रडलं. ज्यायनं तेरवीचं जेवण खाल्लं त्यायनं आता काय करावं?” त्याच भागात एक जादूचा डोंगर होता. तो पाहून म्हणाले, “याच्यापेक्षा आपल्या गिरडची टेकडी बरी. पाय दुखतात तरी चढताना.” जाऊबाई त्यानंतर आल्याच नाहीत. मला फोनवर म्हणाल्या, “तुमी पाहा बाप्पा. त्या राणीचं एकदाचं काय ते होऊ द्या, मंग मले बोलवा.” मुलं पुण्याला गेली होती. त्यांना हे सगळं हास्यास्पद वाटायचं. चौथ्या भागात गोष्ट पुढे जायचं सोडून त्या पोराच्या आजोबांच्या जवानीत गेली. टॉकीजमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या. यजमान घोरायला लागले. भासरे पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, “बाई, त्याले उठवजो. झोपेत आयकलेली पोथी लागत नाई.”

प्रत्येक भागाच्या शेवटी, सगळी नावं पडद्यावरून सरकून गेल्यावर, एक इवलासा तुकडा असायचा. कोणाचा तरी हात जमिनीतून वर येतोय, कुठलंसं अंडं तडकतंय, म्हणजे अजून आहे, पुढे या. बाकी लोक तोवर बाहेर पडलेले असायचे. आम्ही तिघं बसून असायचो. तो तुकडा दिसला की भासरे मान हलवून कुरकुरत, “झालं. पुन्हा लावली.” यजमान घरी येऊन वैतागत, की त्या राणीला म्हातारपण येईना का मरण, किती ताणावं माणसानं. मी दोघांचंही ऐकून घ्यायचे. ताणणाऱ्यांचे मी मनातल्या मनात आभार मानायचे, हे कोणाला सांगण्याची गरज पडली नाही.

यंदा जाहिरात लागली ती ‘शेवटचा भाग’ अशी. मी नेहमीप्रमाणे शनिवार धरून फोन केला. भासरे म्हणाले, तुरी काढून राह्यलो. पुढच्या शनिवारी गुडघा धरला होता. त्यानंतर पाहुणे. मला जरा शंका आली, कारण तुरी केव्हाच काढून विकल्याही होत्या, हे जाऊबाईंनीच सांगितलं होतं. इकडे सिनेमाचं हसं झालेलं. दवाखान्यातल्या परिचारिकासुद्धा म्हणत, मॅडम, त्यापेक्षा झोपा. खेळ कमी होत होत दुपारचा एकच उरला होता, आणि तोही गुरुवारपर्यंत. मी जाऊबाईंना फोन लावला.

“अवं, त्यायले पाहाचाच नाई तो,” त्या म्हणाल्या. “संपला तं मंग भावाले कोन्या तोंडानं बोलवाचं, म्हन्ते.”

“असं म्हणाले तुम्हाला?”

“मले कायचे सांगते! बैलाले सांगत होते. चारा टाकताना. म्या आयकलं.”

माणूस सिनेमा चुकवत नव्हता. ज्याने आयुष्यभर प्रत्येक गोष्ट शेवटाला नेली तो या एका शेवटापासून पळत होता. कारण पोथी उठली की भावाला शेजारी बसवायला दुसरं निमित्त त्याच्याकडे नव्हतं, आणि निमित्ताशिवाय बोलावणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मी हे जेवताना यजमानांना जसंच्या तसं सांगितलं, बैलासकट. ते भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. “बैलाले?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते घरी माझ्याशी असं गावाकडचं कधी बोलत नाहीत, शहरातलंच बोलतात, त्या दिवशी मात्र रोहण्याचं आलं तोंडात. मग पान उचलताना म्हणाले, “गुरुवारची काढ.”

भासऱ्यांना कसं आणायचं हे माझ्यावर होतं. मी फोनवर सरळ सांगितलं, “भाऊजी, गुरुवारी सिनेमा उतरतोय. तुम्ही आला नाहीत तर अर्धं राहील.” पलीकडे त्यांनी आधी कोंबड्या हाकलल्या. शेवटी म्हणाले, “येतो.”

आले. पांढरा सदरा होता, पण मागची गोष्ट सांगायचा उत्साह नव्हता. थोडक्यात सांगितली, वाक्यं गाळत गाळत. टॉकीजमध्ये आम्ही तिघं, पुढे एक कॉलेजातलं जोडपं, ज्यांचं पडद्याकडे लक्ष नव्हतं, आणि एक झोपलेला गृहस्थ. सिनेमा वाईट होता. पण संपवायचं ते त्याने सगळं संपवलं. पोराला बाप कळला, राणीचा शाप उतरला, तळं आटून राज्य वर आलं, सेनापती या खेपेला खराच मेला. नावं सरकू लागली. आम्ही बसलो. नावं संपली. पडदा पांढरा झाला. हात नाही, अंडं नाही, काही नाही.

दिवे लागले. झाडू घेऊन एक माणूस आत आला. “काका, झालं,” तो म्हणाला. “आता काई नाई त्याच्यात.”

“पाह्य बरं,” भासरे म्हणाले. “कधी कधी उशिरा येते.”

त्याने झाडू टेकवला आणि तोही पडद्याकडे पाहत उभा राहिला. भल्या माणसाने आमच्यासाठी तेवढं केलं. मग भासरे गुडघ्यावर हात देऊन उठले.

बाहेर गाड्या लावतात तिथे लख्ख ऊन होतं. नेहमी इथे रामराम होतो. भासरे माझ्याकडे वळले, “बाई, त्याले सांगजो…” आणि थांबले. पुढे सांगायला काही उरलं नव्हतं. “झालं म्हना,” एवढंच म्हणाले आणि पिशवी काखेला मारली.

“दादा,” यजमान म्हणाले.

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून थेट ऐकला नव्हता. भासऱ्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं, मी काय सांगते याची वाट पाहत. मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधू लागले, जी यजमानांच्या हातात होती.

“दादा, मले काई समजलं नाई. सगळं डोक्यावरून गेलं.”

हे धडधडीत खोटं होतं. शेवट काय होणार हे त्यांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं आणि अक्षरन् अक्षर तसंच झालं होतं. भासऱ्यांनाही ते खोटं कळलं असावं.

“कोठून नाई समजलं?”

“पहिल्यापासून. तो पोरगा कोनाचा होता, तेच मले पक्कं नाई.”

“चौथ्यात झोपलाच होता तू,” भासरे म्हणाले. “म्या पाह्यलं.”

“म्हणून तं.”

यजमानांनी पुढचं दार उघडलं. भासरे बसले. मी आपणहून मागे बसले. स्टँड आलं आणि मागे गेलं. भासऱ्यांनी त्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि सुरू केलं : एक तळं होतं. देवळी गेली, पुलगाव गेलं. गोष्टीत पोरगा कड्यावर लटकला. आर्वीचा रस्ता लागला. दुसरा भाग लागला. रोहणं जवळ आलं तसं रस्त्याच्या कडेला ते विकलेलं वावर आलं. आता तिथे दुसऱ्याचा गहू उभा होता, चांगला ओंब्यांवर आलेला. भासऱ्यांचं बोलणं वाक्याच्या मधेच तुटलं. गाडीचा वेग कमी झाला. दोघंही सरळ समोर पाहत होते. मागे बसून मला दोघांच्या फक्त माना दिसत होत्या, आणि पहिल्यांदा लक्षात आलं की मागून पाहिलं तर दोघांतला कोण कोणता हे ओळखू येत नाही. वावर सरलं. “…तं तो सेनापती,” भासरे म्हणाले, “राणीच्या बाजूचा होता. आधी.”

जाऊबाई दारात वालाच्या शेंगा सोलत होत्या. गाडीतून यजमानांना उतरताना पाहून सूप बाजूला ठेवत उठल्या. “अवं माय,” एवढंच आलं त्यांच्या तोंडून. मग लगेच, “दारात काऊन उभे? या ना घरात.” यजमान आत गेले नाहीत. ओसरीच्या कडेला टेकले. भासरे शेजारी टेकले. चहा झाला. ऊन उतरलं. सेनापती मेला होता, चिता रचून झाली होती, आणि भासरे थांबले. यजमान वाट पाहत होते. भासऱ्यांनी कपाची कड बोटाने पुसली.

“बाकीचं मंग,” ते म्हणाले. “येजो.”

मी जाऊबाईंकडे पाहिलं, त्या माझ्याकडे. या घरात त्यांनी संसार केला, मी निम्मा केला, पण गोष्टीत चिता रचून झाल्यावर हा माणूस पुढचं सांगायचं ठेवतो, हे आम्ही दोघींनीही पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर आमचं जाणं-येणं आहे. शेताचा विषय निघालेला नाही. तो निघेल असं मला वाटत नाही, आणि काढावा असंही आता वाटत नाही. गोष्ट फार सावकाश चालते. यजमान मधलं मधलं विसरून जातात, भासरे पुन्हा मागून धरतात. हल्ली सांगताना त्यांना धाप लागते, आवाज बसतो. मग यजमान म्हणतात, “राहू दे दादा, घाई कोनाले हाय?” भासरेही हट्ट करत नाहीत. दोघं तसेच बसून राहतात, रस्त्याने घरी परतणारी गुरं पाहत, आणि अंधार पडून जाऊबाई दिवा लावेपर्यंत त्यांच्यातलं कोणीच काही बोलत नाही.